आई आली होती, फिगरेटिव्हली

२ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून पुन्हा रोजनिशी. निवृत्त माणसाने शिस्त सोडली की तो संपला. फिगरेटिव्हली.

शुक्रवारी हिल्सबरोच्या लायब्ररीत माझं व्याख्यान. विषय: 'फिगरेटिव्हली: अर्थ आणि उपयोग'. लायब्ररीने आग्रहाने बोलावलं आहे. म्हणजे मी पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, शेवटी स्वतः जाऊन काउंटरपाशी उभा राहिलो, तेव्हा त्या बाई हो म्हणाल्या.

वेळ आलीच होती. आमच्या कॅरियाकू बेटावर 'लिटरली' या शब्दाने नुसता धुमाकूळ घातला आहे. फेरीबोटीच्या खिडकीतली पोरगी म्हणते, उन्हाने मी लिटरली मेले. मी विचारलं, मग तिकीट कोण फाडतंय? फादर तर गेल्या रविवारी प्रवचनात म्हणाले की माझं हृदय लिटरली पेटलं आहे. मी पुढच्या बाकावरून 'फिगरेटिव्हली' म्हटलं. हळूच. मागच्या दोन-चार बाकांनाच ऐकू गेलं असेल.

संकल्प: व्याख्यान लांबवायचं नाही. आठवडाभर कुणाला मधेच दुरुस्त करायचं नाही. बायकोशी, म्हणजे युनाशी, वाद घालायचा नाही.

दुपार.

युनाशी वाद. तिला व्याख्यानाची सुरुवात वाचून दाखवली. 'काल माझी आई माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचे ओठ सुकले होते. ती म्हणाली, फर्डिनंड, तुम्ही सगळे मला विसरलात.' इथे थांबायचं. मग सांगायचं की ही आई म्हणजे आपली इंग्रजी भाषा. फिगरेटिव्हली!

युना तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्माला यात ओढू नकोस. लोक काय समजतील?"

मी म्हटलं, लोक बरोबर समजतील. अख्ख्या गावाला मी शिकवलं आहे.

ती म्हणाली, "म्हणूनच."

या बायकोला माझ्या कामाची कदर कधीच नव्हती. आमच्या गावात अजून लोकांना वाटतं की मेलेली माणसं स्वप्नात येतात, भूक लागली म्हणतात, आणि मग त्यांच्यासाठी सगळ्या गावाने रांधून, ढोल वाजवून जेवण घालायचं असतं. घरात पांढऱ्या कापडावर त्यांचं ताट वाढायचं असतं. मी या कशातलाही नाही. मला स्वप्नंच पडत नाहीत. झोप उत्तम लागते.

६ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

व्याख्यान झालं. यश? होय, यशच.

गर्दी अपेक्षेबाहेर. लायब्ररीच्या बाईंनी जिंजर बीअर आणि केक जाहीर केला होता, पण तेवढ्यासाठी कोण येतं? पहिलं वाक्य टाकलं. चिडीचूप. दुसरं टाकलं, ओठ सुकले होते. कुणाच्या तरी हातून ग्लास पडला. तिसऱ्याला टांटी, म्हणजे मावशी, क्लेमन्स, आमच्या गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई, उठून उभी राहिली, "अगं सेलेस्टीन! माझी बाय गं!" म्हणाली, आणि आपल्या ग्लासातली जिंजर बीअर तिने माझ्या मेलेल्या आईच्या नावाने दारात ओतली. मग इतर बायकांनीही ओतली. केक मात्र कुणी टाकला नाही.

पुढे मी फिगरेटिव्हलीचा अर्थ सविस्तर समजावला. श्रोते सगळा वेळ आपसांत बोलत होते. विषयावर चर्चा घडवून आणणं हेच तर वक्त्याचं काम.

शेवटी बोनिफस आला. हा होड्या बांधतो आणि ढोल वाजवतो. चौथीत माझ्याकडे नापास. डोळे पुसत म्हणाला, "टीचर, आजवर मी तुम्हांला दगड समजत होतो."

मी आभार मानले.

७ मार्च, शनिवार.

सकाळी तोंड धुवून बाहेर येतो तर ओसरीवर बायकाच बायका. टांटी क्लेमन्स माझ्या खुर्चीत. तिला मी कधी खुर्चीतून उठवू शकलेलो नाही.

"काय मागितलं तिने?" टांटी म्हणाली.

काही नाही, म्हटलं. ती माझी आई नव्हती. ती इंग्रजी भाषा होती.

"सेलेस्टीन आणि इंग्रजी?" टांटी म्हणाली. "अरे, मी तिच्याबरोबर कापूस वेचलाय. तिला इंग्रजीची तहान कधी लागली नाही. तहान लागली की ती रम मागायची."

मी फळा आणून समजावलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकमेकींत ठरवायला लागल्या की मोठी पातेली कुणाकडून आणायची. बोनिफस कुंपणापलीकडून ओरडला की तपकिरी मेंढा तो देईल. मी म्हटलं, मला मेंढा नको. तो म्हणाला, "तुम्हांला कोण देतंय?"

युना आत भांडी घासत होती. फार आवाज करून घासत होती.

संकल्प: उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर खुलासा. छोटा, ठाम. विषय कायमचा बंद.

८ मार्च, रविवार. दुपार.

मिस्सा संपल्यावर उभा राहिलो. म्हटलं, परवा मी जे बोललो ते फिगरेटिव्हली होतं. आई आली नव्हती.

मग टांटीचा आवाज. "बघा, घाबरलाय. सेलेस्टीनने चांगलंच झापलं असणार."

सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेर आल्यावर फादरनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, चला, निदान एक शिकलेला माणूस. ते हळूच म्हणाले की त्यांची आजीसुद्धा येते, फक्त ती काही बोलत नाही, आणि हे बिशपना कळवू नये.

संध्याकाळ.

व्हर्लिनचा फोन आला.

हे नीट लिहून ठेवायला हवं. व्हर्लिन माझी धाकटी बहीण. ब्रुकलिनला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. सहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. कारण अगदी क्षुल्लक, एक क्रियाविशेषण. मम्मा गेली तेव्हा व्हर्लिनकडे कागद नव्हते. अमेरिका सोडली असती तर परत जाता आलं नसतं. म्हणून तिने चर्चमध्ये वाचायला चार ओळी पाठवल्या आणि फोनवरून ऐकत बसली. मी वाचल्या. त्यात एक वाक्य होतं, 'मम्मा, तुझ्याविना मी लिटरली मेले आहे.' मी वाचताना 'लिटरली'च्या जागी 'फिगरेटिव्हली' केलं. तेवढंच. वाक्य सुधारलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं ही चूक हसणाऱ्यांची.

कागद नंतर झाले. ती आली मात्र नाही.

आज फोनवर आधी नुसता श्वास. मग म्हणाली, "फर्डी, मला व्हिडिओ पाठवलाय कुणीतरी. मम्मा आली होती?"

मी खुलासा करणारच होतो. तोंडात पहिला शब्द तयार होता. तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्याबद्दल काही बोलली?"

तिचा आवाज म्हातारा झाला आहे. ते मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तुझी चौकशी करत होती."

मग ती रडायला लागली, आणि मला हॅलो हॅलो करण्यापलीकडे काही सुचलं नाही.

९ मार्च, सोमवार.

शांतपणे विचार केला. मी खोटं बोललो का? नाही. आई मुलीची चौकशी करते. जिवंत असती तर केलीच असती. म्हणजे वाक्य आशयाने खरं आहे, केवळ घटना म्हणून घडलेलं नाही. याच प्रकारासाठी भाषेत सोय आहे आणि तिच्यावर मी परवाच व्याख्यान दिलं.

युनाला हे सांगितलं. ती म्हणाली, "फोन उचल आणि खरं सांग."

सांगणार आहे. लेखी सांगणार आहे. असल्या गोष्टी फोनवर बिघडतात.

१३ मार्च, शुक्रवार.

व्हर्लिनने तिकीट काढलं. ईस्टरच्या आठवड्यात येते आहे. हे मला टांटीकडून कळलं. टांटीला बोनिफसकडून. गावाने जेवणाचा दिवस ठरवला, ईस्टरनंतरचा शनिवार. मला विचारलं नाही. माझ्या घरी आहे एवढं कळवलं.

खुलाशाचा मजकूर लिहायला घेतला. पहिला परिच्छेद उत्तम जमला.

२१ मार्च, शनिवार.

मजकूर तयार. मोठा झाला, पण मुद्देसूद आहे. व्हर्लिनच्या फोनवर पाठवायचा. पाठवण्याआधी एकदा वाचला. एक स्वल्पविराम खटकतो आहे. उद्या.

२५ मार्च, बुधवार.

स्वल्पविराम काढला. आता अर्धविराम हवा असं वाटतं.

युनाने विचारलं, पाठवलंस? म्हटलं, पाठवण्याच्या बेतात आहे. ती म्हणाली की तिला आता माझ्याशी या विषयावर बोलायचं नाही, आणि आजपासून ती मम्माच्या खोलीची सफाई करणार आहे, कारण व्हर्लिन तिथेच झोपेल. सहा वर्षं त्या खोलीत माझी शाळेची पुस्तकं होती. युनाने ती ओसरीवर आणून ठेवली. बकऱ्या येऊन वास घेऊन गेल्या.

२९ मार्च, रविवार.

वाईट प्रकार. टांटी, बोनिफस आणि आणखी चार जणी आल्या. म्हणे स्वयंपाक ठरवायचा, तर सेलेस्टीनने काय काय मागितलं ते शब्दन् शब्द सांगा. तिने मागितलं आणि वाढलं नाही तर ती गावाला झोपू देणार नाही. टांटीने तर बोनिफसला माझ्यासमोर बजावलं की टीचर विसरले तर त्यांच्या घरासमोर रोज पहाटे ढोल वाजव.

मी म्हटलं, मला आठवत नाही. टांटी म्हणाली, "आई समोर उभी राहिली आणि तुला आठवत नाही? मग काय बघत होतास, तिचं व्याकरण?"

सगळे हसले. त्या हसण्याने माझा तोल गेला. मी म्हटलं, मक्याचं कू-कू. मेंढ्याचं मटण. आणि लांबी.

लांबी म्हणजे तो मोठा समुद्री शंख, त्याचं मांस. का म्हटलं कोण जाणे. यादीत तिसरा पदार्थ असला की वाक्याला तोल येतो.

टांटी माझ्याकडे बघत राहिली. "सेलेस्टीनला लांबी चालायची नाही. अंगभर पित्त उठायचं तिला."

मला वाटलं, संपलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पण बोनिफस म्हणाला, "मेल्यावर कसलं आलंय पित्त? इतकी वर्षं मन मारलं असेल बिचारीने."

बायकांना पटलं. लांबी ठरली. चौथीत या माणसाला मी कशासाठी नापास केलं होतं ते आता आठवत नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे.

उपास. डोकं दुखतं. खुलाशाचा मजकूर आज पाठवायचा होता पण आजचा दिवस योग्य नाही. शिवाय ती विमानाची तयारी करत असणार. प्रवासाआधी माणसाला अस्वस्थ करू नये. समोरासमोर सांगणं जास्त सभ्यपणाचं. ठरलं. धक्क्यावर उतरली की आधी तेच.

८ एप्रिल, बुधवार.

धक्क्यावर गेलो. युना, टांटी, निम्मं गाव. मी पांढरा शर्ट घातला होता.

व्हर्लिन बोटीतून उतरली. मी ओळखलं नाही. आमच्याकडून गेली तेव्हा वेणी कमरेपर्यंत होती. आता केस बारीक कापलेले, पांढरे. गुडघे दुखतात म्हणे, शिडीवर आडवी पावलं टाकत आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी 'व्हर्लिन, एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी' हे वाक्य पाठ केलं होतं.

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना तिला," म्हणाली आणि माझे डोळे बघत राहिली, जसं काही त्यांत मम्मा अजून उभी आहे.

वाक्य राहिलं. गर्दी फार होती.

९ एप्रिल, गुरुवार.

सकाळी कोको पिताना: "फर्डी, परत सांग. कुठे उभी होती?"

पायथ्याशी.

"कपडे कुठले होते?"

घरातलेच.

"रागावलेली होती का?"

नाही म्हटलं. तिने सुस्कारा टाकला. दुपारी परत तेच. संध्याकाळी टांटीसमोर परत. आता मला ते इतक्या वेळा सांगावं लागलं आहे की मम्मा पलंगापाशी उभी आहे हे मलाच दिसायला लागलं आहे. तिचा हात पलंगाच्या लाकडावर आहे. हा कल्पनाशक्तीचा भाग. पण हात स्पष्ट दिसतो.

युनाने माझ्या ताटात मासा वाढला आणि म्हणाली, "आज. आज रात्रीच्या आत." एवढंच. पंधरा दिवसांत या विषयावर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

आज जमलं नाही. उद्या थडग्यावर जाणार आहोत, दोघंच. तीच जागा योग्य.

१० एप्रिल, शुक्रवार.

गेलो. समुद्राच्या बाजूची कबर. व्हर्लिनने गवत उपटलं. मी उभा राहिलो. गवत पुष्कळ होतं. गेली काही वर्षं मला इकडे यायला झालं नाही, शाळेची शताब्दी होती, नंतर पाठदुखी.

मी घसा साफ केला. तेवढ्यात ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, गवत उपटत.

"सहा वर्षं मी उशाशी पाण्याचा ग्लास ठेवून झोपते, फर्डी. म्हटलं, एवढ्या लांबून येईल तर तहानेली असेल. एकदाही आली नाही. मी ज्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते ना, ते मेल्यावर येतात माझ्या स्वप्नात. परके. गोरे सुद्धा. आणि माझी आई येत नाही. मग मी समजले, ती रागावलीय. मी आले नाही ना तिला पोचवायला. आता तू सांगितलंस की तिने माझी चौकशी केली. तुला नाही कळणार, फर्डी. मला परत माणसात आणलंस तू."

मी तिथे काय सांगणार होतो?

परत येताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. ॲसिडिटी असणार. ती मात्र माझा हात धरून चालत होती, लहानपणी मी शाळेत नेताना धरायची तसा. मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो. मला फार लाज वाटली.

११ एप्रिल, शनिवार.

पहाटेपासून अंगणात चुली. मेंढा कापला, कोंबड्या कापल्या. पुरुष लाकडी दांडक्यांनी पातेल्यात कू-कू ढवळत होते. मला कुणी काम दिलं नाही. मी एका मुलाला मेंढ्याचं स्पेलिंग विचारलं, तो पळून गेला.

दुपारी टांटीने अंगणाच्या मधोमध जमिनीला आधी पाणी पाजलं, मग रम. मग ढोल सुरू झाले. बोनिफसचा ढोल मी त्याच्या लहानपणापासून ऐकतो आहे आणि कधी थांबून ऐकलेला नाही. व्हर्लिन रिंगणात उतरली. गुडघे दुखणारी बाई. स्कर्टचे दोन्ही घोळ हातांत धरून इतकी हलकी नाचली की बायका ओरडायला लागल्या, "सेलेस्टीनची पोरगी! चालसुद्धा तीच!" मीही सेलेस्टीनचा पोरगा आहे. हे कुणी म्हटलं नाही. मी खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे चाल दिसत नसावी.

मम्माच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, ताट. कू-कू, मटण, लांबी, बाजूला रमचा पेला. युनाने सगळं मांडलं. मला दारातूनच बघू दिलं.

टांटी व्हर्लिनला म्हणाली, "ताटापाशी आज तू झोप. कुणीतरी राखण करायला लागते."

मी म्हटलं, खरं तर मोठा मुलगा म्हणून मी. टांटीने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य पुरं केलं नाही. एरवी मी वाक्यं पुरी करतो.

उद्या सगळं आटोपल्यावर तिला सांगेन. पाहुणे गेले की. नक्की.

१२ एप्रिल, रविवार. सकाळ.

व्हर्लिन स्वयंपाकघरात आली तेव्हा मी, युना आणि टांटी कोको पीत होतो. तिचा चेहरा बघून युना उभीच राहिली.

"आली होती," व्हर्लिन म्हणाली.

टांटीने देवाचं नाव घेतलं. व्हर्लिन बसली आणि सांगायला लागली. मम्मा घरातल्या सपाता घालून आली. डोक्याला निळा रुमाल. ताटापाशी बसून कू-कू खाल्लं, मटण खाल्लं, बोटं चाटली. लांबी बाजूला सारली. म्हणाली, ही कुणाची अक्कल? मला पित्त उठतं, माहीत नाही?

टांटीने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

"मग ती माझ्या पलंगावर बसली," व्हर्लिन म्हणाली. "माझे गुडघे चोळले. म्हणाली, लेकी, रागावू कशाला, तुझ्याकडे कागद नव्हते एवढं मला कळत नाही होय? मी म्हटलं, मग माझ्याकडे आली का नाहीस? म्हणाली, अगं, ब्रुकलिन किती लांब! मला बोट लागते."

युना रडत होती. टांटी रडत होती. आता उठून जावं म्हणून मी खुर्ची मागे सरकवली.

"मी विचारलं, पण मम्मा, फर्डीकडे तर गेलीस. तो म्हणाला मला." इथे व्हर्लिनला हसू यायला लागलं. तिने तोंडावर हात धरला, पण ते बोटांतून बाहेर येत होतं. "तर ती एवढी हसली, एवढी हसली की रम सांडली. म्हणाली, फर्डीकडे? मी? मी कशाला जाते बाई त्याच्याकडे! मी तोंड उघडलं की तो दुरुस्त करतो. मेल्यावर तरी मला सुखाने बोलू दे की!"

युना ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसायला लागली. टांटी टेबलावर हात आपटत होती. व्हर्लिन हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि हसत होती. तिला सगळं कळलं होतं आणि ती रागावलेली नव्हती.

मी विचारलं, हे ती नक्की कोणत्या शब्दांत म्हणाली?

त्या तिघी परत हसायला लागल्या.

दुपार.

स्वप्न म्हणजे झोपलेल्या मेंदूने दिवसभराच्या गोष्टींची केलेली सरमिसळ. पित्ताचं टांटीने तिला सांगितलंच असणार. माझ्या स्वभावाबद्दल तर तिचं मत आधीपासून पक्कं आहे. तेव्हा यात नवल काही नाही.

मम्मा शेवटच्या वर्षी माझ्याशी जवळजवळ बोलतच नसे. मानेनेच हो, मानेनेच नाही. युनाशी तासन्‌तास बोलायची, भिंतीपलीकडून आवाज यायचा, मी आत गेलो की थांबायचा. मला वाटायचं, तिची भाषा सुधारते आहे, शब्द जपून वापरते आहे. मी तसं युनाला म्हटलंही होतं. अभिमानाने.

पुढे लिहवत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार.

व्हर्लिनला बोटीवर सोडलं. डिसेंबरात परत येणार आहे. माझ्याकडे येणार आहे, असं म्हणाली. पुस्तकं मम्माच्या खोलीत परत ठेवू नकोस, असंही म्हणाली.

धक्क्यावर मी तिला म्हटलं, मी जे सांगितलं होतं ते... ती म्हणाली, "माहितेय. खोटं होतं. बरं केलंस."

त्याला खोटं म्हणता येणार नाही, त्यासाठी दुसरा शब्द आहे. मी तोंड उघडलं. मग मिटलं.

तिने मला मिठी मारली. "फर्डी, मी आता लिटरली हलकी झालेय," म्हणाली, आणि मागे सरून माझ्याकडे बघत थांबली. टांटीही थांबली. तिकिटाच्या खिडकीतली पोरगीसुद्धा मान बाहेर काढून बघत होती.

मी म्हटलं, "बरं झालं."

१९ एप्रिल, रविवार.

चर्चमध्ये फादर म्हणाले की ते लिटरली आनंदाने उडत आहेत. मी काही बोललो नाही. माझ्याच बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं, मला बरं आहे ना म्हणून.

दुपारी जेवून मुद्दाम आडवा झालो. उशाशी पाण्याचा ग्लास, शेजारी थोडी रम. मनाशी ठरवलं होतं, आली तर मधे बोलायचं नाही. तिला जसं म्हणायचं असेल तसं म्हणू द्यायचं. तिचं सगळं संपेपर्यंत ऐकून घ्यायचं, आणि मग फक्त हो म्हणायचं.

युनाने कोकोसाठी उठवलं. झोप उत्तम लागली होती. कुणी आलं नव्हतं.